हातचा

सेन्सर पुरलाय बर्चच्या झाडांमागे, दीड मीटर खोल,
लाकडी पेटीत, एकही लोखंडी खिळा न मारता.
पेटी स्टूरेनं जोडली. निवृत्त इलेक्ट्रिशियन;
इकडे येताना कमरेचा पट्टा काढून गाडीत ठेवतो
आणि एका हातानं विजार सावरत
दुसऱ्या हातानं मला झाकण उघडून देतो.

मी मोजते ते नॅनोटेस्लात:
इसाच्या पाळ्यांचा कागद फ्रीजवर धरून ठेवणारं जे चुंबक,
त्याच्या जोराचा पन्नास लाखावा हिस्सा.
इसा म्हणजे बाप, आमच्या नदीकाठच्या बोलीत.
विद्यापीठात ती बोली कुणाला येत नाही,
मलाही स्वयंपाकघरापुरतीच येते.

पहिलं वर्ष स्टॉकहोममध्ये गेलं.
समीकरणं चार, आणि त्यांच्या पोटात सगळी वीज.
मग प्लाझ्मा: दहा कोटी अंशांचा, कुठल्याच भांड्यात न नांदणारा,
भिंतीला लागला की भिंत जाते आणि तोही विझतो,
म्हणून त्याला चुंबकांच्या धाकात अधांतरी ठेवायचं.
योआकिम त्याच्या नादानं दक्षिणेला गेला, जर्मनीत,
पिळवटलेल्या कड्यासारख्या एका यंत्रापाशी.
मी परत वर किरुनाला आले.
कारण विचारलं तर म्हणते, शिष्यवृत्ती.

फेब्रुवारीत आकाश पेटलं की पर्यटक हॉटेलातून धावत सुटतात.
मी खोलीत, पडदा ओढून, रेघ बघते:
रेघ चारशेनं खचते, चाचपडते, पहाटे उठून बसते.
ते माझं काम. ते छान चाललंय.

पण दर रात्री एक वाजून एकतीस मिनिटांनी
रेघेला एक दात येतो.
बारीक, उभा, दुधाचा असावा तसा.
सतरा रात्री, सतरा दात.
मी त्याला नाव देण्याच्या बेतात होते.

डोसेंट ईंगव्हे स्क्रीनवर चष्मा पुसत म्हणाले,
"हे वरून आलेलं नाही, सोइली.
अवकाश घड्याळ बघून येत नाही."

आणि मला कप आठवला.
निळ्या काठाचा, रात्री दीडला बशीवर एकदाच किणकिणणारा.
खाली तेराशे मीटरवर सुरुंग उडायचा,
इसाच्या टोळीनं भोकाभोकांत ठासलेली दारू.
सगळी माणसं बाहेर आल्याशिवाय तो उडवत नाहीत.
म्हणून कप वाजला की आई कूस बदलायची
आणि मग तिला खरी झोप लागायची.

खडक हलतो, पेटी हलते, आकडा हलतो. इतकंच.
मी फिल्टर लिहिला. बावीस ओळी.
काढून टाकायच्या राशीला काहीतरी नाव लागतं,
मी लिहिलं: इसा.
मूळ आकड्यातून इसा वजा.
रेघ स्वच्छ झाली, दवाखान्यातल्या चादरीसारखी.
प्रबंधात ते एका वाक्यात येईल:
स्थानिक कंपनं वगळली आहेत.

फोनवर सांगितलं. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं अर्धं. "काय वगळलंस?"
"तुला."
"बरं केलंस. मला कशाला उगीच आकाशात घालतेस,"
आणि मग विचारलं, केवढा दिसतो दात?
अडीच नॅनोटेस्ला, मी म्हटलं.
थोडा वेळ गप्प.
"म्हणजे दारू नीट ठासली होती."

मे महिन्यात तो निवृत्त झाला.
जुनी वस्ती खचतेय, घरं ट्रेलरवर चढून पूर्वेला चाललीत,
आमचंही जाईल, त्याआधी कप वर्तमानपत्रात गुंडाळून.
दात अजून येतो. एक एकतीस.
आता तो दुसऱ्या कुणाच्या हातचा.
फिल्टर त्यालाही वजा करतो, त्याच नावानं.

शाळेत वजाबाकीत हातचा घ्यायचो,
आकड्याच्या डोक्यावर बारीक, पेन्सिलीनं,
उत्तर आलं की खोडून टाकायचा.
मी खोडत नाही. वेगळ्या फायलीत ठेवते.
आणि रात्री अभ्यास संपला, डोळे मिटायला लागले, तरी
एक बत्तीसपर्यंत जागी राहते.